खिळ्यांचा कारखाना, उंबर आणि माझी हरकत

विषय : भांडुपच्या बंद पडलेल्या खिळ्यांच्या कारखान्याच्या जागेचा पुनर्विकास.
संदर्भ : दत्ताराम परबचा सतरावा मजला.

उपरोक्त विषयी निवेदन करण्यात येते की, मी गाढवपणा केला. आता तपशील ऐका, आणि चहा घेत राहा, निवेल.

दत्ताराम आणि मी एकाच ऑफिसात, शेजारशेजारच्या टेबलांवर कारकुनी करत म्हातारे झालो. मी सोसायटीत फ्लॅट घेतला, त्याने कारखान्याच्या पलीकडच्या भिंतीला टेकलेल्या चाळीत खोली. "भोंगा ऐकत झोप आता," असं मी तेव्हा त्याला ऐकवलंही होतं. पुढे कारखान्याला टाळं लागलं, आत गवत माजलं. अलीकडे आमची सोसायटी, पलीकडे त्याची चाळ, मध्ये गंज. सगळं कसं समाधानकारक चाललं होतं!

आणि एक दिवस दत्ताराम बिल्डरचं रंगीत पत्रक नाचवत आला.

"मध्या, कारखाना आणि आमची चाळ एकत्र घेतायत! टॉवर होतोय. मला दोन बेडरूम, सतरावा मजला!"

"लिफ्ट बंद पडली की कळेल."

"दोन-दोन लिफ्ट आहेत रे! आणि बाल्कनीतून थेट डोंगर. तुमची गच्चीसुद्धा दिसेल बघ. खाली."

खाली! तुम्हीच सांगा, कुठल्या सभ्य माणसाला हे सोसेल? मला मत्सर वाटला असं कृपया म्हणू नका. मला फक्त अचानक पर्यावरणाची काळजी वाटू लागली.

फाइल पुढे कशी सरकते हे कुणीही सांगेल. ती थांबते कशी, हे कारकुनालाच ठाऊक. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. खिडकीतून कारखान्याच्या आवारातला उंबर दिसत होता आणि त्याला उलटी लटकलेली वटवाघळं. बस्स! लेखणी धावू लागली : 'सदर वृक्षावर वटवाघळांचे पिढ्यान्‌पिढ्या वास्तव्य असून, त्यांचे पुनर्वसन कोठे व कोणत्या मजल्यावर करणार, याचा खुलासा व्हावा. तथापि...'

तेवढ्यात बायको आली. "अहो, सोसायटीच्या सेक्रेटरी नेनेबाई आल्यात. सही हवीय."

"फ्लॅट तुझ्या नावावर आहे ना? मग कर. माझं 'तथापि' अडलंय."

"अहो, पण कशावर सही ते तरी ऐका..."

"कर गं!"

तिने केली. मी माझी हरकत स्वतः पालिकेत नेऊन दिली, शिक्का मारून घेतला आणि येताना श्रीखंड आणलं.

काही आठवड्यांनी पाहणीला साहेब आले. उंबराखाली उभे राहून त्यांनी वर पाहिलं. वटवाघळांनी त्यांच्या शर्टावर तत्काळ पोच दिली. हरकत मान्य!

मग सोसायटीची सभा. मी खुशीत मागच्या खुर्चीवर. नेनेबाई उभ्या राहिल्या, तर आवाज कापरा.

"आपली इमारत गळतेय, लिफ्ट नाही, म्हाताऱ्यांचे गुडघे गेलेत. मी बिल्डरच्या हातापाया पडून आपल्यालाही त्या टॉवरमध्ये घ्यायला लावलं. सगळ्या घरांच्या संमतीच्या सह्या झाल्या. आणि कुण्या मेल्याने वटवाघळांची हरकत घेतली!"

तो मेला म्हणजे मीच! तरी आशा सुटेना. "पण मग सगळंच थांबलं असेल ना? चाळीचंही?"

"चाळीचं कशाला थांबेल? झाड आपल्या भिंतीला लागून आहे! बिल्डर म्हणाला, तुमची बाजू सोडतो, पलीकडचं काम सुरू करतो."

बायकोने सावकाश मान वळवली.

"हेच का हो तुमचं ते 'तथापि'?"

दुसऱ्या दिवशी धावत हरकत मागे घ्यायला गेलो. साहेबांनी फाइल उघडली. "काका, ही तुम्ही लिहिलीत? वा! बोट ठेवायला जागा नाही. नवीन मुलांना नमुना म्हणून दाखवतो आम्ही."

"मागे घ्यायचीय."

"का? वटवाघळं गेली?"

"नाही."

"मग आता आम्ही डोळेझाक कशी करणार? बरं, अर्ज देऊन ठेवा."

संध्याकाळी दत्ताराम पेढे घेऊन हजर. "मध्या, वाईट वाटलं रे. कुणीतरी तुमची पार वाट लावली. आमच्या भूमिपूजनाची पत्रिका लिहून दे ना. तुझ्यासारखा मसुदा कुणाला जमत नाही."

लिहून दिली. उत्तम झाली आहे, असं सगळे म्हणाले.

हरकत मागे घेण्याचा माझा अर्ज दाखल आहे. पलीकडे पायाचं खोदकाम सुरू झालं. अर्ज अद्याप प्रलंबित आहे.