मुकादमाच्या मोबाईलात माझी कंबर

मुकादमानं माझं दुखणं पारावर वाचून दाखवलं. मोबाईल डोळ्याजवळ धरून.

“सोमवार, नऊ. मंगळवार, नऊ. बुधवार, नवरा जवळ आला की लई दुखतं.”

माणसं खिदळली. मग तो माझ्या नवऱ्याला म्हणाला, “बे, असला कोयता घेऊन मी काय करू?”

कोयता म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी. नवरा खाली बघत राहिला. माझ्या अंगाची नुसती आग झाली.

डोक्यावर मोळ्या वाहून वाहून माझी कंबर गेली. गर्भाची पिशवी काढली, तरी दुखणं थांबलं न्हाई. उन्हाळ्यात नेकनूरला तोडणीवाल्या बायांचं आरोग्य शिबिर झालं, तिथं आम्ही समद्या गेलतो. तिथल्या मॅडमनं कंबरेला हातसुदा लावला न्हाई. “ताई, दुखणं मनात असतं,” म्हणल्या, आन् समद्यांच्या मोबाईलात ॲप टाकून दिलं.

ॲप रोज इचारायचं, एक ते दहात किती दुखतंय? दुखत नसलं तर हसऱ्या तोंडाचं चित्र दाबायचं. मग एक गोड आवाज म्हणायचा, डोळे मिटा, समुद्रकिनारी बसलाय असं समजा. आता मी समुद्र कवा बघितलाय! पन खोटं कावून बोलू, चार दिस बरं वाटलं. तुमचं कुणाला सांगणार न्हाई, म्हणायचा. आईला न्हाई सांगितलं ते मी त्याला सांगितलं. येडी मी.

पन ॲपच्या फॉर्मवर नंबर मुकादमाचा. आमच्या टोळीत कुठलाबी कागद आसो, रेशनचा न्हाईतर शाळेचा, नंबर त्याचाच टाकत्यात. मॅडमनी इचारला तवा माझ्या तोंडातून तोच गेला. त्या नंबरावर दर आठवड्याला माझी सगळी बातमी त्याच्याकडं जात हुती.

“बाकीच्या बाया बघ,” मुकादम म्हणाला, “शानपनानं हसरं तोंड दाबत्यात. तूबी दाब. मग नेतो.”

म्हंजी त्यांचंबी जात हुतं.

मी उठले. “दुखतंय तर दुखतंय. हसरं दाबनार न्हाई.”

नवरा हळूच म्हणाला, “गप बस.” बसले न्हाई.

दुसऱ्या दिशी जीपनं केजला गेले, सरकारी दवाखान्यात. डाक्टर मान वर न करता म्हणाला, “टेन्शन घेता का?”

म्हणलं, “आधी कंबरेला हात लावा. मग टेन्शनचं बोलू.”

त्यानं मान वर केली.

औंदा टोळीत घेतलं न्हाई तर न्हाई. माझं दुखणं आता कुठल्या मोबाईलाला सांगनार न्हाई. डाक्टरच्या तोंडावर सांगीन, आन् त्यानं कागदावर लिहिल्याबिगर खुर्चीवरून उठनार न्हाई.