छत्तीस फोटोंचा माणूस

माझ्या नणंदेच्या यजमानांइतका फोटोंवर जीव असलेला आणि फोटो काढायला तितकाच चिक्कू माणूस अख्ख्या नाशकात सापडणार नाही. सगळं जग मोबाइलवर फोटोंचा रतीब घालत असताना भाऊजी देवळाली कॅम्पच्या बाजारात घेतलेला प्लॅस्टिकचा रोलचा कॅमेरा गळ्यात घालून हिंडत. रोलमध्ये फोटो छत्तीस, नियम त्याहून जास्त. ऊन पाठीशी हवं, माणूस चार पावलांवर हवा, डोक्यातून खांब उगवता कामा नये आणि एका माणसाचा फोटो एकदाच. माझ्या मुलाच्या लग्नात त्यांनी विहीणबाईंना मंडपातून उन्हात आणून उभं केलं, श्वास रोखायला लावला आणि "राहू द्या, ढग आला" म्हणून परत पाठवलं. त्या अजून विचारतात, "माझा फोटो निघाला होता का हो?"

सर्वांत कडक नियम रोल भरण्याचा. सावलीत बसायचं, रोलचं टोक खाचेत अडकवायचं, झाकण लावून मागचं चाक फिरवायचं आणि डावीकडची चकती सोबत फिरते का बघायचं. "ती फिरली नाही तर रोल जागचा हललेला नसतो, वहिनी. नुसत्या खटखटीला फसू नये." हे मी दहादा ऐकलंय.

नणंदेचं दुखणं वाढलं. औषधांनी केस गेल्यापासून ती फोटोला नाहीच म्हणायची. एका सकाळी आपणहून म्हणाली, "मला सटाण्याला माहेरी न्या. आणि आज काढा किती काढायचे ते." आम्ही तिघं गेलो. कांद्याच्या चाळीपुढे ती खुर्चीत बसली. भाऊजी सावलीत रोल भरू लागले.

"अहो, आटपा! तुमचा रोल भरेपर्यंत मी संपेन," ती हसून म्हणाली.

भाऊजींनी झटकन झाकण लावलं. आणि आपलाच नियम मोडून छत्तीसच्या छत्तीस फोटो तिचे काढले.

ती गेल्यावर त्यांनी रोल मुंबईला धुवायला पाठवला. कोरा आला. त्या घाईत चकती बघायची राहिली होती. भाऊजींनी कॅमेरा कपाटात ठेवला आणि तांदूळ निवडायला बसले.

सटाण्याला त्या दिवशी मीही मोबाइलवर एक फोटो काढला होता, सहज. पाठमोरे भाऊजी कॅमेऱ्यावर वाकलेले आणि पलीकडे ती हात नाचवत त्यांना सुनावतेय. तो त्यांना दाखवला.

"ऊन समोर घेतलंत, वहिनी."

"घेतलं."

"लांबून काढलात. आणि डोक्यातून चाळीचा खांब."

"हो."

मोबाइल माझ्या हातात परत येईपर्यंत मला त्यांचा चहा दोनदा गरम करावा लागला.