तुळयांवरच्या खुणा

अमेरिकेत मॉरिसव्हिलचं लाकडी घर घेण्याआधी वाळवी तपासायला एक वयस्कर अमेरिकन माणूस आला होता. घराखालच्या बुटक्या जागेत तो तासभर पोटावर सरपटत होता. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं तुळया ठोकायचा आणि कान लावून ऐकायचा. बाहेर येऊन कोपरांवरची माती झटकत म्हणाला, "माझ्या मुलीला मी हे घर घेऊ दिलं नसतं."

"याला औषध मारायचं काम हवंय," मी त्याच्यासमोरच नवऱ्याला मराठीत म्हणाले आणि हसले. भाषा नाही, पण हसणं त्याला कळलं असावं. तो निघून गेला.

आम्ही घर घेतलं. तीन वर्षांनी स्वयंपाकघरातली जमीन माझ्या पायाखाली खचली. सुतारानं फळ्या उचलल्या. खाली पोखरलेल्या प्रत्येक तुळईवर खडूची खूण होती.

"कुणीतरी फार मन लावून तपासलं होतं हे," सुतार म्हणाला. मला मान वर करवेना.