दहाव्याच्या दिवशी आलेली ऑफर

नोकरीत प्रेतं पुष्कळ पाहिली. तरी जी घटना आठवून आजही अंगावर काटा येतो, तिच्यात प्रेत नव्हतं, एक मोबाईल होता.

मी तेव्हा नाशिकला सायबर पोलीस ठाण्यात होतो. पंचवटीत क्रियाकर्म करणाऱ्या एका गुरुजींचा फोन आला. येवल्याची एक बाई मेलेल्या नवऱ्याच्या सांगण्यावरून राहतं घर विकतेय, उद्याच खरेदीखत आहे, म्हणाले. मला वाटलं, कुणी भोंदूबाबा असणार. बाईंना बोलावून घेतलं.

त्या पैठणी विणणाऱ्या. रामकुंडावर दहाव्याचा पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. मुलीचं लग्न लावू, आईला सांभाळू, अशी सगळी वचनं देऊन झाली. कावळा ढिम्म. तेवढ्यात बाईंच्या मोबाईलवर नवऱ्याच्या नंबरवरून, त्याच्या फोटोसकट मेसेज आला : ‘मी इथे आहे, तूही ये. लवकर भरलेस तर दुप्पट बोनस.’ खाली क्रिप्टो एक्सचेंजची लिंक. बाईंनी हात जोडून ‘घर विकून भरते’ म्हटलं आणि कावळा शिवला.

"ह्यांचीच इच्छा हाय, साहेब," त्या शांतपणे म्हणाल्या. मला त्या शांतपणाचीच भीती वाटली.

मी लिंकला हात न लावता त्या एक्सचेंजचं खरं ॲप उघडलं. तिथे असली ऑफरच नव्हती. नवऱ्याने हयातीत लिंकवरच्या साइटवर थोडे पैसे भरले होते, असं बाईंकडून कळलं. ते त्याच्याच मोबाईलवरून बाईंना काढायला लावले, तर साइट आधी ‘कर’ भरा म्हणाली; आपलेच पैसे द्यायला वर पैसे मागते ती साइट बोगसच. एवढं पुरे होतं. खरेदीखत थांबवलं.

नवऱ्याचे पैसे ज्या बँक खात्यात गेले होते, त्याच्या मागावरून इंदिरानगरातून एकाला उचललं. खातं आपण भाड्याने दिलंय, बाकी काही माहीत नाही, हेच त्याचं पालुपद. शेवटी मी विचारलं, "दहाव्याचीच वेळ कशी साधलीस?"

तो खरोखर दचकला. "कसला दहावा? मेसेज मी सगळ्यांना एकदमच सोडतो, साहेब. तो माणूस वारला?"

तिथेच तो सापडला. नवऱ्याने बोनसपायी ओटीपी दिला, तेव्हाच त्याचं मेसेजचं खातं या लोकांच्या हाती गेलं होतं.

नवऱ्याचं ते मेसेजचं खातं बंद करण्याच्या अर्जावर सही करताना बाई थांबल्या. "आता ह्यांचं नाव परत येणार नाय ना?"

नाही, म्हणालो. त्यांनी सही केली.

ऑफर कशी तपासावी, हे मी नंतर कितीतरी लोकांना शिकवलं. लिंक सोडा, खरं ॲप उघडा, सरकारी नोंदणी पाहा. पण माझी बायको गेली, तिचा नंबर मी अजून पुसलेला नाही. उद्या तिच्या नावाने असा मेसेज आला, तर मी आधी तपासीन की हात जोडीन, हे मला सांगता येत नाही.