बारा नंबरचे पण गेले

आरोग्य कार्यालयात तिला सगळे मोजणीबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. बावीस वर्षं ती शहराच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी करत आली होती. लहानपणी जिन्याच्या पायऱ्या मोजल्याशिवाय ती घरात पाऊल टाकायची नाही. तिचा थोरला भाऊ चिडवायचा, "हिला मोजायला काही उरलं नाही ना, तर ही आपले श्वास मोजत बसेल!"

साथ आली आणि अख्खं शहर तिच्या टेबलावर येऊन पडलं. नवे किती, घरी सोडले किती, वारले किती. रोज दुपारी तीन ते चार या वेळात अकरा हॉस्पिटलांचे फोन, आणि पाचच्या ठोक्याला पत्रक. त्या दोन तासांत तिच्या जिवाला थारा नसायचा. टेबलाखाली एक पाय सारखा हलायचा, रिसीव्हर धरून कान लाल व्हायचा, पेनाचं टोपण तर तिने चावून चावून पार चपटं केलं होतं. जरा उशीर झाला की साहेब दारातून डोकावायचे, "झालं का?" साहेबांना आकडा हवा असायचा. तो बरोबर असावा, हा हट्ट तिचा एकटीचा.

तिचा एक नियम होता: फोनवर कुणी "गेले" म्हणायचं नाही. आपल्याकडे माणूस बरा होऊन घरी निघाला तरी गेला, आणि मेला तरी गेलाच. तिच्या तक्त्यात मात्र त्याचे दोन रकाने होते. पहिल्याच आठवड्यात या एका शब्दापायी तिने एका धडधाकट माणसाला मृतांत घातलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी तो स्वतः येऊन तावातावाने भांडून गेला होता. तेव्हापासून कुणी "तीन गेले" म्हटलं की ही ताडकन विचारायची, "कसे गेले? घरी, की वारले?" नर्स वैतागायच्या. एकजणी तर म्हणालीच, "ताई, ऐकायला कसंतरीच वाटतं हो!" त्यावर ही म्हणाली, "वाटू दे. ऐकायला बरं वाटावं म्हणून नाही लिहीत मी."

मग दादाच आजारी पडला. त्या अकरांतल्याच एका हॉस्पिटलात, तिसरा वॉर्ड, बारा नंबरची खाट. भेटायला बंदी, त्याचा मोबाईल बंद. पण आकडे देऊन झाले की तिथल्या मोठ्या सिस्टर आवाज खाली आणून सांगायच्या, "बारा नंबर आज उठून बसले," नाहीतर, "चार घास खाल्ले हो." तेवढं ती वहिनीला कळवायची, आणि तेवढ्यावर त्या घरातला दिवस निघायचा. परवा तर ऑक्सिजनही काढला होता.

त्या दिवशी फोनवर मोठ्या सिस्टर नव्हत्या. त्याही तापाने पडल्या होत्या. कुणीतरी नवीन होती, आणि मास्कमधून भरभर बोलत होती. "तिसरा वॉर्ड. नवे चार. घरी सोडले दोन. बारा नंबरचे पण गेले."

पेन थांबलं.

"लिहिलं ना, मॅडम?" पलीकडून विचारणा झाली. फोन चालू होता. मागे कुणीतरी खोकत होतं.

दिवसातून दहा वेळा विचारलेला तो प्रश्न या वेळी तिने विचारला नाही. ती घाबरली होती. पुढे आयुष्यभर तिने हे कधी नाकारलं नाही. घरी सोडले दोन, बारा नंबरचे *पण*. म्हणजे तिसरे तेच की! ऑक्सिजन काढलाच होता परवा. तिने मनाशी शब्द असा फिरवून फिरवून गोड करून घेतला आणि म्हणाली, "लिहिलं." घरी सोडलेल्यांच्या रकान्यात तिसऱ्या वॉर्डापुढे तीन पडले.

लगेच तिने वहिनीला फोन लावला. "वहिनी, दादा घरी येतोय!"

पलीकडे आधी रडणं, मग हसणं, आणि मग नुसती धांदल. "अगं बाई! आणि मी चादरी सगळ्या भिजत टाकून बसलेय! किती वाजता येतील? काय करू त्यांना खायला?"

"येईल तासा-दोन तासांत. तू आधी डोळे पूस."

पाचला पत्रक गेलं. बेरीज जुळली. जुळणारच, खाट रिकामी झाली एवढंच बेरजेला कळतं. तरी हिला चैन पडेना. उठली, बसली, पाणी प्यायली, पुन्हा उठली. तिसऱ्या वॉर्डाला फोन लावायला हात गेला आणि मागे आला. सगळं ठीक असताना उगाच कशाला, असं तिने स्वतःलाच दटावलं.

साडेपाचला शववाहिकेचा ड्रायव्हर आला. रोज तो उचललेल्या प्रेतांच्या चिठ्ठ्या मोजून आपला आकडा तिच्या आकड्याशी ताडून बघायचा. आजवर दोघांचं एकदाही अडलं नव्हतं.

"सहा," तो म्हणाला.

"पाच."

"सहा, ताई."

"अहो, पाच! पत्रक गेलंसुद्धा! एखादी चिठ्ठी दोनदा धरली असेल तुम्ही, नीट बघा जरा!"

माणूस गरीब स्वभावाचा, एरवी मान डोलावून गेला असता. पण या कामात तोही तिच्याइतकाच पक्का होता. "मी स्वतः उचललेत, ताई," तो हळूच म्हणाला आणि त्याने एकेक चिठ्ठी टेबलावर मांडली. चौथीवर तिची नजर खिळली. तेच हॉस्पिटल, तिसरा वॉर्ड, खाट बारा.

"नाव वाचू?"

"नको."

तिने तक्ता ओढला. तिनाचे दोन केले, पाचाचे सहा. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं, आणि त्या अक्षराचाच तिला भयंकर राग आला. तक्ता साहेबांपुढे टाकून ती म्हणाली, "दुरुस्ती पाठवा. चूक माझी आहे." साहेबांनी तोंड उघडायच्या आत ती रस्त्यावर होती.

वहिनीचा नंबर तिने दोनदा लावला आणि दोनदा तोडला. जे सांगायचं ते समोर उभं राहूनच सांगायला हवं होतं. रस्ते ओस पडले होते. ती कधी धावत होती, कधी मधेच थांबत होती. लवकर पोहोचावंसंही वाटत होतं आणि पोहोचूच नये असंही.

दादाच्या घराच्या खिडक्या सताड उघड्या होत्या. ओल्या चादरी बाहेर टांगलेल्या. वहिनी खाली दारातच उभी होती, केस नीट विंचरलेले, डोळे रस्त्याला लागलेले. हिला पाहून ती हसली आणि लगेच हिच्या खांद्यावरून मागे बघू लागली.

"एकटीच आलीस?" ती म्हणाली. "गाडी कोपऱ्यावर थांबली का? थांब, मी हात देते त्यांना," आणि ती हिला ओलांडून कोपऱ्याकडे निघालीसुद्धा.