आधी बैल दाखवा

रविवारी सकाळी साडेसहाला दाराची कडी वाजली, की बायको चादर डोक्यावर ओढून घेत म्हणायची, "उठा जी, तुमचे साहेब आले." साहेब म्हणजे शेजारचे इस्तारीकाका. अंगात बंडी, खांद्यावर दुपट्टा आणि चपला हातात. माझ्या मोपेडवर बसायचं म्हटलं की ते चपला काढून हातात धरत. का, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. "गुरुजी, गाडी काढा," एवढंच बोलत. पेट्रोल माझं, रविवार माझा आणि हुकूम यांचा!

१९९९ साली सडक अर्जुनी तालुक्यातल्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेवर माझी बदली झाली. खोली मिळाली ती नेमकी या माणसाच्या भिंतीला भिंत लागून. इस्तारीकाका चामड्याचे कोरडे गुंफायचे. कोरडा म्हणजे बैल हाकायचा चाबूक. हिवाळ्यात आमच्याकडे गावोगावी शंकरपट भरतो, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि पटाच्या शौकिनांना कोरडा हवा तो इस्तारीचाच. पार बालाघाटकडून माणसं विचारत यायची. गिऱ्हाईक असं दारात उभं असताना माणसानं मुकाट्यानं गुंफावं आणि देऊन टाकावं की नाही? छे! यांचा नियम असा, की कोरडा मागणाऱ्याचे बैल आधी पाहणार. बैल पाहिल्याशिवाय चामड्याला हात लावणार नाहीत. आता बैल कुठे असायचे? एक जोडी चोरखमाऱ्याला, एक देवरीकडे, एक तिकडे कचारगडच्या वाटेवर जंगलात. आणि मोपेड कुणाची? माझी.

"काका, त्यांनाच सांगा ना बैल घेऊन यायला," मी एकदा वैतागून म्हणालो.

"आनलेला बैल नवरीसारखा राह्यते जी. धुतलेला, पुसलेला. त्याले त्याच्या गोठ्यातच पाहा लागते."

गोठ्यात शिरले की ते बैलाच्या तोंडाकडे बघतसुद्धा नसत. पाठीवरून, पुठ्ठ्यावरून केसांच्या उलट दिशेनं तळवा फिरवत जायचे, अगदी सावकाश. कुठे फटक्याचा वळ लागला की हात काढायचा, दुपट्ट्याला पुसायचा आणि म्हणायचं, "नाही जमत जी." झालं! रागावणं नाही, उपदेश नाही. आत चुलीवर आमच्यासाठी चहा उकळत असायचा, आल्याचा वास माझ्या नाकात शिरलेला असायचा आणि हे मोपेडकडे चालू लागलेले. असे किती चहा माझ्या नशिबातून गेले!

चोरखमाऱ्याचा एक शेतकरी तर भडकलाच. "अरे बुढ्या, जो बैल बिनामारानं चालते, त्याले कोरडा कायले पायजे?"

"कोरडा बोलाले राह्यते, माराले नाही," काका म्हणाले. "हवेत वाजला म्हंजे बैलाले समजते. अंगाले लागला, म्हंजे हाकणाऱ्याले अक्कल नाही."

मनातून मला त्या शेतकऱ्याचंच पटलं होतं. ज्याला गरज त्याला द्यायचा नाही, आणि ज्याला गरज नाही त्याच्यासाठी महिना महिना राबायचं, हा कुठला धंदा?

आणि राबणं तरी कसं! गोंदियाच्या बाजारातून कमावलेलं म्हशीचं चामडं आणायचं. भिजवायचं. रापीच्या चपट्या पात्यानं त्याची गोल गोल एकसलग वादी कापायची, संत्र्याची साल न तुटता सोलावी तशी. मग एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवून गुंफायला बसायचं. मुठीशी आठ पदर, पुढे सहा, पुढे चार, आणि टोकाला अंबाडीच्या वाखाचा झुपका. वरून मोहाच्या बियांचं तेल चोळायचं. एकदा पट दुसऱ्या दिवसावर आला होता, गिऱ्हाईक खाटेवर बसून होतं, कोरडा पुरा झालेला. काकांनी तो दोन बोटांत धरून टोकापर्यंत ओढला आणि मध्येच थांबले. "एक पदर पोकळ हाय." असं म्हणून सरळ मुठीपर्यंत उसवला! गिऱ्हाईक खाटेवरून उठून हातापाया पडायला लागलं. मी कपाळावर हात मारून घेतला. काका आपले पुन्हा पहिल्या वेढ्यापासून सुरू.

अशी चार वर्षं गेली. पाचव्या वर्षी मला दुर्बुद्धी सुचली.

तेव्हा शाळेत न मारणारा मास्तर कुणी मला दाखवावा. मी मार खाऊनच शिकलो होतो आणि मारूनच शिकवत होतो. नाल्याकाठच्या बेशरमच्या झुडपाची छडी आणायची, ती आठवड्यात पिचायची. म्हटलं, शेजारी एवढा कारागीर आहे, चार वर्षं पेट्रोल जाळलंय त्याच्यापायी, तो मला थोडाच नाही म्हणणार? "काका, हातभर लांबीचा एक छोटा कोरडा करून द्या. वर्गात धाक राहील."

ते माझ्याकडे बघत राहिले. "देतो ना जी. पन आधी पाहा लागन. उद्या येतो."

मी हसलो. मला वाटलं, थट्टा करताहेत.

दुसऱ्या दिवशी परिपाठ संपला आणि हे शाळेच्या व्हरांड्यात हजर. चपला हातात. पोरं ओळीत उभी होती. काका पहिल्या पोरापासून सुरू झाले. "हात दाखव." पोरांना गंमत वाटली, भराभर तळवे पुढे आले. चौथीतली सविता मात्र हात फ्रॉकमागे घेऊन उभी राहिली.

"दाखव माय," काका म्हणाले.

रोवणीचे दिवस होते. आई-बापाबरोबर धानाच्या बांधीत चिखलात उतरून ती शाळेला उशिरा आली होती, आणि उशिराबद्दल आदल्या दिवशी मी तिला दोन छड्या दिल्या होत्या. काकांनी तिचा तळवा हातात घेतला, त्यावरून अंगठा फिरवला. मग हात काढून दुपट्ट्याला पुसला. आता काय ऐकायचं आहे ते मला कळलं आणि माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"नाही जमत, गुरुजी."

साठ पोरांसमोर!

पुढच्या रविवारी कडी वाजली. बायको म्हणाली, "साहेब आले."

"चालत जा म्हणावं साहेबांना." मी कूस बदलली.

ते खरंच चालत गेले. चपला पायात घालून. मला वाटलं होतं, दोन-तीन रविवारांत नरम पडतील. कसलं काय! पावसाळा गेला, पटाचे दिवस आले, ते चालतच होते. पायी जाऊन जाऊन जातील किती? जवळची गावं तेवढी झाली. लांबची माणसं एक-दोनदा वाट बघून गोंदियाहून नायलॉनचे तयार चाबूक घेऊन गेली. भिंतीपलीकडून येणारा रापीचा आवाज आधी कमी झाला, मग आठवडा आठवडा येईना. मला तो ऐकू येत नाही हे मला ऐकू येत होतं, आणि त्याचाही मला रागच यायचा.

"वळ तुम्ही उठवला आणि पायी त्यांनी चालायचं," बायको एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली. "छान न्याय आहे तुमचा."

मी पिशवी उचलून शाळेची वाट धरली. पण शाळेत भलतीच पंचाईत होऊन बसली होती. "हात पुढे कर" म्हटलं की पोराचा हात पुढे यायचा आणि छडी उचलायच्या आधी माझी नजर तळव्याकडे जायची. त्या म्हाताऱ्यानं लावलेली खोड! एकाच्या बोटांना धानाच्या पात्यानं कापलेलं, एकीच्या नखांत चिखल, एकाच्या तळव्यावर शाईनं काढलेलं घड्याळ. एवढं पाहून झाल्यावर त्या हातावर छडी मारून दाखवावी कुणी. मला जमेना. शेवटी एक दिवस चिडून साऱ्या छड्या घरी आणल्या आणि पाणी तापवायला चुलीत घातल्या.

होळीच्या आधीचा रविवार असेल. मी जाऊन त्यांची कडी वाजवली. "चला काका. गाडी काढली."

ते चपला हातात घेऊन बाहेर आले, जणू कालच आम्ही बैल पाहून परतलो होतो. हायवेला लागलो. ट्रकांच्या आवाजात ते माझ्या कानाशी ओरडून सांगू लागले, "माह्या बापानं गावच्या मालकाले, मालगुजाराले कोरडा गुंफून देल्ला होता, गुरुजी. आठ पदरी. मालगुजार म्हने, वाजते का पाहू. आन् बापालेच उभं केलं."

एक ट्रक बाजूनं गेला.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय जी. वाजला."

ढाबे मागे पडेपर्यंत मी गाडी सावकाशच चालवली.

पुढे एकदा मी भीत भीत म्हणालो, "काका, शाळेसाठी नाही, हौस म्हणून एक कोरडा द्या मला." तर उरलेले चार दात दाखवत हसले. "आता तुमाले कायले पायजे जी?" काय करावं अशा माणसाचं!

आणखी पाचेक वर्षांनी, पोळा आठ दिवसांवर असताना ते गेले. दोन दिवसांचा ताप, बस. तेरवी झाल्यावर काकू त्यांच्याच दुपट्ट्यात काहीतरी गुंडाळून घेऊन आल्या. सोडलं तर हातभर लांबीचा कोरडा. आठ पदरी, एकही पदर पोकळ नाही. तेल अजून बोटांना लागत होतं.

"लय दिवसापासून करून ठेवला होता," काकू म्हणाल्या. "म्या म्हनलं, देऊन टाका गुरुजीले. तर म्हनत, थांब, अजून एक साल पाहू. दर पोळ्याले तुमच्या शाळेच्या पोट्ट्याइचे हात पाहून येत होते ना."

म्हणजे इतकी वर्षं मी या माणसाच्या तपासणीखाली नोकरी केली आणि मला पत्ताही नाही! शिक्षण खात्याच्या साहेबांची तपासणी वर्षातून एकदा व्हायची, तिची निदान आधी चिठ्ठी यायची.

संध्याकाळी अंगणात उभा राहून मी तो कोरडा वाजवायला गेलो. इतकी वर्षं ऐन हंगामात कोरडे वाजताना पाहिलेलं होतं, म्हटलं, त्यात काय? हात फिरवला, तो हवेत वाजायचा सोडून झुपका माझ्याच मानेवर बसला. कळ अशी गेली की डोळ्यांत पाणी आलं. बायको धावत आली, मान वाकवून बघितली, बोट फिरवलं. "अगं बाई, वळ उठला की हो."

मी भिंतीकडे बघत थांबलो. आता पलीकडून आवाज येणार, "नाही जमत, गुरुजी." यायलाच हवा होता. आला नाही. त्या म्हाताऱ्याचा मला असा संताप आला, की बायको हळद आणायला आत गेली तरी मी कोरडा हातात धरून तिथंच रडत उभा राहिलो.