धड न हालवणारा शेषराव

बडनेरा टेसनावर शेषरावची चाल दुरून वळखू येत होती. डोक्यावर दोन बॅगा, खांद्यावर एक, अन् धड असं की वर भरला गिलास ठेवला तरी थेंब सांडू नये. तीस वर्षं हमाली केली त्यानं. नव्या गड्याले तो पयले हेच शिकवे : पाय चालू दे, धड हालू देऊ नको, धड हाललं की मान गेली.

मागच्या चैतात पुलाच्या पायऱ्यांवर त्याले भोवळ आली. दिल धीमं पडलं होतं. अमरावतीच्या दवाखान्यात डाव्या खांद्याजवळ, हसळीच्या हाडाखाली पेसमेकर बसवला. मेहनत वाढली की मशीन आपोआप ठोके वाढवते, असं डॉक्टरनं सांगितलं, अन् तीन महिन्यांनी हमालीची परवानगीही देली. ललितानं, त्याच्या बायकोनं, लाल सदरा धुऊनच ठेवला होता.

पयल्याच दिवशी अकराव्या पायरीवर दम तुटला. छाती भात्यावानी, अन् नाडी पायली तं बाजेवर बसल्यावर असते तशी निवांत. उलट, ऑटोनं खड्ड्याखड्ड्यातून घरी येताना, बसल्या बसल्या, ठोके धावत सुटले.

दवाखान्यात मशीन तपासणारा अद्वैत नावाचा पोरगा होता. त्यानं समजावलं. धडधाकट माणसाचा श्वास वाढला की दिलही त्याच्या संगं पयते, एका जुवाले जुंपलेल्या बैलांवानी. शेषरावचं जू तुटलं. मशीन दमाले इचारत नाही, धड किती हालते तेवढंच पायते. श्वास मोजणारीही मशीन असते, पण याले ते बसवली नाही. अन् हिची बॅटरी अजून नऊ वर्षं जाणार, तवर बदलणंही नाही.

"मंग हिलेच जरा तेज कर ना," शेषराव म्हणे.

"तेज केली तर ऑटोत बसल्या बसल्या जीव घाबरेल, काका. त्यापेक्षा वझं घेऊन चालताना थोडं हालत जा."

शेषरावनं सदऱ्याच्या गुंड्या लावल्या. मंग म्हणे, "ज्यानं हे बनवलं, त्यानं वझं वायणारा माणूस पायलाच नसंन."

आठ दिवस त्यानं आंगणात डोक्यावर तांदळाचं पोतं घेऊन खांदे हालवाची सवय केली. मंग टेसनावर एका पाव्हण्याची पेटी उचलली अन् झुलत निघाला.

"काहून गा दादा, वरातीत चालला काय?" देवानंद हमाल हासला.

दम पुरला, हे खरं. बाराव्या पायरीवरही श्वास शाबूत होता. पंधराव्या पायरीवर मान लचकली अन् पेटी खाली गेली. झाकण तुटलं, स्टीलचे डबे पायऱ्या उतरत फलाटापर्यंत गेले. पाव्हणा शिव्या देईन असं वाटलं, पण त्यानं देवानंदले हाक मारली.

घरी ललितानं इचारलं, मान लय दुखते काय?

"मान ठीक हाय," शेषराव म्हणे. "उद्या जाऊन हमालीचा बिल्ला जमा करतो."

ललितानं तरी तेल कोमट कराले ठेवलं.